‘एक तोडा, दहा लावा’ या हिशेबात जंगल बसत नाही

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय: एक झाड तोडलं तर दहा लावली जातात, प्राणी शेजारच्या जंगलात निघून जातात आणि ‘नासा’च म्हणते की पृथ्वी हिरवी होतेय, मग जंगलतोडीची ओरड कशाला? वाचायला बरं वाटतं, म्हणूनच तो पुढे जातो. पण त्यातला एकही मुद्दा टिकत नाही.

आधी दहा रोपांचं पाहू. धनेश या मोठ्या चोचीच्या पक्ष्याची मादी अंडी घालायला जुन्या, जाडजूड झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा-चिखलाने तोंड लिंपून स्वतःला आत कोंडून घेते. उरलेल्या फटीतून नर तिला आणि पिल्लांना भरवतो. धनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही. फांदी मोडून, खोड कुजून ती तयार व्हायला कित्येक दशकं जातात. दहा काय, दहा हजार रोपं लावली तरी त्यांत या वर्षी एकही ढोली नसते. आणि धनेश गेला की ज्या मोठ्या बिया तो गिळून दूरवर टाकतो, त्या आईच्याच झाडाखाली पडून राहतात. म्हणजे उरलेल्या जंगलाची पुढची पिढीही अडते. त्यात लागवड बऱ्याचदा एकाच जातीची, तीही पुढे कापण्यासाठीच.

‘प्राणी शेजारी जातात’ हे अर्धं खरं आहे. ब्राझीलमध्ये मनौसजवळ १९७९ पासून जंगलाच्या तुकड्यांचा अभ्यास चालू आहे. भोवतालची झाडं तुटल्यावर तुकड्यांत पक्ष्यांची गर्दी झाली खरी, पण काही महिन्यांतच संख्या पहिल्यापेक्षाही खाली आली. शेजारचं जंगल रिकामं नसतं. तिथलं अन्न, तिथल्या जागा आधीच वाटलेल्या असतात. दाट सावलीतले काही पक्षी तर मधली मोकळी पट्टीसुद्धा ओलांडत नाहीत.

राहिली ‘नासा’. २०१९चा तो अभ्यास उपग्रहाला दिसणाऱ्या पानांचा होता. त्यात शेतंही मोजली गेली, भारतातली वाढ तर मुख्यतः पिकांचीच. ब्राझील-इंडोनेशियातल्या नैसर्गिक वनांचं नुकसान यातून भरून निघत नाही, असंही तेव्हाच सांगितलं गेलं होतं.

झाडं जरूर लावा. उजाड जमिनीवर, उभ्या जंगलाला लागून, तिथल्याच जातींची लावा आणि जगवा. पण उभं जंगल तोडायचा परवाना म्हणून रोपांचा आकडा पुढे करू नका.