बंदुकीच्या निकालाचा तो मेसेज आणि आमचा एच-वन-बीवाला भाचा

"अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी माणसापर्यंत पोचवा" अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज परत फिरायला लागलाय. थोडक्यात मजकूर असा: अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०२२ साली बंदुकीचं लायसन्स ही भानगडच मोडीत काढली, आता कोणीही कुठेही पिस्तूल घेऊन फिरू शकतो. व्हिसावर कायदेशीर राहणाऱ्या भारतीयांनाही हा हक्क मिळालाय, तेव्हा सोन्यासाठी आपली घरं फुटत असताना गप्प बसू नका. न्यूयॉर्कने हा निकाल धाब्यावर बसवला. पुढे कोर्टाने बायकोच्या नुसत्या तक्रारीवर नवऱ्याची बंदूक काढून घ्यायला मुभा दिली. आणि शेवटी, गांधीजींनाही प्रत्येकाच्या हाती शस्त्र हवं होतं, म्हणून भारतानेही आता हा हक्क द्यावा.

एरवी असले मेसेज मी न वाचता पुसते. हा डोंबिवलीहून माझ्या ताईने घरच्या ग्रुपवर टाकला होता. त्याखाली तिच्या मुलाने, जो जर्सी सिटीत एच-वन-बी व्हिसावर नोकरी करतो, लिहिलं होतं, "बरं झालं आई, शनिवारी ऑफिसची गँग शूटिंग रेंजवर चाललीय, मी पण जातो." ताईने त्याला अंगठा दिला होता. तेव्हा आता मुद्दे घेऊनच बोलू.

पहिला मुद्दा, लायसन्स रद्द झालं. नाही झालं. हा निकाल ब्रुएन खटल्याचा, २३ जून २०२२ चा, सहा विरुद्ध तीन मतांनी दिलेला. न्यूयॉर्कमध्ये १९१३ पासून अशी पद्धत होती की पिस्तूल लपवून अंगावर बाळगायचं परमिट हवं असेल तर 'सबळ कारण' दाखवायचं. आमच्या वस्तीत चोऱ्या होतात, एवढं पुरत नसे. तुमच्याच जिवाला वेगळा धोका आहे हे पटवावं लागे, आणि पटलं की नाही ते लायसन्स देणारा अधिकारी ठरवणार. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी लिहिलेल्या निकालाने ही अट घटनाबाह्य ठरवली. अट गेली, लायसन्स राहिलं. न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी वेगळं टिपण जोडलं, सरन्यायाधीश रॉबर्ट्स त्यात सहभागी झाले, आणि त्यात स्पष्टच लिहिलंय की बोटांचे ठसे, पूर्वेतिहासाची तपासणी, मानसिक आरोग्याच्या नोंदी, प्रशिक्षण हे सगळं राज्यांना मागता येईल. न्यायमूर्ती अलिटो तर बंदुकीच्या हक्काच्या बाजूचे म्हणून ओळखले जातात. त्यांनीही आपल्या टिपणात लिहिलं की बंदूक कोणी बाळगावी आणि विकत घ्यायला काय अटी असाव्यात, याबद्दल आम्ही इथे काहीही ठरवलेलं नाही. हे एक वाक्य लक्षात ठेवा. निम्मा मेसेज त्यातच निकालात निघतो.

आता जे खरं आहे ते कबूल करायला हवं. देशातल्या २९ राज्यांत आज परमिटशिवाय पिस्तूल बाळगता येतं. पण ते त्या त्या राज्यांच्या विधिमंडळांनी केलेल्या कायद्यांमुळे. टेक्सासने तर ब्रुएनच्या आदल्या वर्षीच केलं. आणि न्यूयॉर्कची जुनी पद्धत काही सोवळी नव्हती. अधिकाऱ्याच्या मर्जीवर परमिट म्हटलं की ते कोणाला मिळतं हे आपल्याला कोणी शिकवायला नको. गरिबांचे खटले चालवणाऱ्या न्यूयॉर्कच्या सरकारी बचाव वकिलांनी, त्यातल्या कृष्णवर्णीय वकिलांच्या गटाने पुढाकार घेऊन, या खटल्यात चक्क बंदूकवाल्यांच्या बाजूने म्हणणं मांडलं होतं. विनापरमिट पिस्तुलाबद्दल तुरुंगात जाणारे आमचे अशील बहुतेक कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक असतात, असं त्यांचं म्हणणं. निकाल मला आवडला नाही, पण हा मुद्दा खोडता येत नाही.

न्यू जर्सीत, म्हणजे मी आणि भाचा राहतो तिथे, ब्रुएननंतरही पोलिसांकडून काढायचं बंदुकीचं ओळखपत्र वेगळं, पिस्तूल घ्यायचं परमिट वेगळं, आणि अंगावर बाळगायचं आणखी वेगळं. डिसेंबर २०२२ मध्ये गव्हर्नर मर्फी यांनी सही केलेल्या कायद्याने कुठे नेता येणार नाही याची मोठी यादीच दिली. तिच्यातल्या काही कलमांवर खटले चालले आहेत, पण शाळेत पिस्तूल नेता येत नाही हे आधीपासूनचंच, आणि आपल्या मंडळांची नाटकं शाळांच्याच सभागृहात होतात. विनापरमिट पिस्तूल अंगावर सापडलं तर पाच ते दहा वर्षं, त्यातली किमान साडेतीन पॅरोलशिवाय. शेजारच्या पेनसिल्व्हेनियाचं परमिट असलेल्या एका बाईला २०१३ मध्ये न्यू जर्सीत ट्रॅफिक पोलिसाने अडवलं. तिने आपणहून सांगितलं की गाडीत माझं पिस्तूल आहे. एका राज्याचं परमिट दुसऱ्यात चालत असेल असं तिला वाटत होतं. तिला अटक झाली, आणि प्रकरण पुरतं मिटायला २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस्टींना माफी द्यावी लागली. नागरिक होती म्हणून निदान देशाबाहेर जायची वेळ आली नाही.

आता दुसरा मुद्दा. राग आलाय तो याचा.

"व्हिसावर कायदेशीर राहणाऱ्या भारतीयांनाही हक्क." हे लिहिणाऱ्याने कोणाचं वाटोळं करायचं ठरवलं असेल तर उत्तम लिहिलंय. संघीय कायद्याचं टायटल १८, कलम ९२२, उपकलम जी हे बंदूक कोणी बाळगू नये त्यांची यादी आहे. शिक्षा झालेले गुन्हेगार, अमली पदार्थांचे व्यसनी वगैरे मंडळी. त्याच यादीत पाचव्या क्रमांकावर दोन प्रकारचे परदेशी आहेत: बेकायदा राहणारे, आणि बिगर-स्थलांतरित, म्हणजे ठरावीक मुदतीच्या, व्हिसावर आलेले. एच-वन-बी हा बिगर-स्थलांतरित व्हिसा. विद्यार्थ्यांचा एफ-वन तोच, आणि मुलाकडे बाळंतपणाला आलेल्या आजी-आजोबांचा पर्यटक व्हिसा, बी-टू, तोही तोच. तुम्ही कर भरता, घर घेतलंय, ग्रीन कार्डाच्या रांगेत कितीही वर्षं उभे आहात, याने काही फरक पडत नाही. ग्रीन कार्ड हातात आलं की या यादीतून तुम्ही बाहेर, त्याआधी नाही. 'कायदेशीर' राहणं आणि 'कायम' राहणं यांत कायदा फरक करतो आणि मेसेज करत नाही, एवढीच काय ती गोम.

बंदी नुसती विकत घेण्यावरही नाही. बाळगण्यावर आहे, आणि बंदुकीबरोबर काडतुसांवरही. रेंजवर भाड्याने घेऊन तासभर हातात धरली, तरी ते बाळगणंच. खिशात विसरलेलं एक काडतूस घरी आलं, तरी तेच. शिक्षा जास्तीत जास्त १५ वर्षं. ही पूर्वी १० होती. ती वाढवणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी सही केली २५ जून २०२२ रोजी, म्हणजे ब्रुएननंतर अवघ्या दोन दिवसांनी. ज्या निकालाने सगळं मोकळं झालं असं मेसेज सांगतो, त्याच आठवड्यात भाच्यासारख्यांसाठी शिक्षा पाच वर्षांनी वाढली. वर बंदुकीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली की हद्दपारीचं वेगळं कलम आहेच. तुरुंग संपला की थेट विमान.

"पण रेंजवर कोण पकडतंय?" हे भाच्याने फोनवर विचारलंच. तर ऐक बाबा. फ्लोरिडात संयुक्त अरब अमिरातीचा एक विद्यार्थी होता. मार्क खराब म्हणून विद्यापीठाने काढून टाकलं, त्याबरोबर त्याचा व्हिसाचा दर्जाही गेला, पण हा तिथेच राहिला. २०१५ च्या डिसेंबरात तो शूटिंग रेंजवर गेला, काडतुसांचा खोका घेतला आणि पिस्तूल तासाभरासाठी भाड्याने घेतलं. ना कोणाला धमकावलं, ना कोणाला इजा केली. काही दिवसांनी तो ज्या हॉटेलात उतरला होता तिथून पोलिसांना फोन गेला, एफबीआयचा एजंट आला, आणि याने मोकळेपणाने सांगून टाकलं की हो, गेलो होतो रेंजवर. दीड वर्षाची शिक्षा झाली.

हा खटला २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टात गेला आणि तो विद्यार्थी सात विरुद्ध दोन असा जिंकला. मेसेजवाल्यांना हे कळलं तर ते यावरही एक फॉरवर्ड काढतील, म्हणून काय ठरलं ते सांगते. कोर्ट म्हणालं, आपण बंदी असलेल्या वर्गात मोडतो हे आरोपीला माहीत होतं, एवढं सरकारने सिद्ध केलं पाहिजे. आपला दर्जा माहीत असणं, कायदा माहीत असणं नव्हे. त्या पोराचा दर्जा संपला होता, म्हणून त्याला निदान "मला कल्पना नव्हती" म्हणायला जागा होती. आपल्या एच-वन-बीवाल्यांना आपला दर्जा झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो. आय-७९७ ची, म्हणजे व्हिसामंजुरीच्या कागदाची, प्रत मोबाइलमध्ये घेऊन फिरणाऱ्या माणसाने "मी व्हिसावर आहे हे मला ठाऊक नव्हतं" असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

एक पळवाट आहे, तीही सांगते, नाहीतर खाली कमेंटमध्ये कोणीतरी ती मिरवत येईल. अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं शिकारीचं वैध लायसन्स असेल, तर व्हिसावाल्याला संघीय बंदीतून सूट मिळते. खरं आहे. काही आपले लोक ते काढतातही. पण त्या लायसन्सची मुदत संपली की सूटही संपली, आणि बंदूक मात्र कपाटातच राहिली. राज्याचे कायदे पाळावे लागतात ते वेगळंच. ज्याला ही वाट धरायचीच आहे त्याने आधी इमिग्रेशनच्या वकिलाला पैसे देऊन विचारावं. मावशीला फुकट विचारू नये, आणि ग्रुपवर तर नाहीच.

ब्रुएनच्या निकालात पुन्हा पुन्हा येणारे शब्द आहेत 'कायदा पाळणारे नागरिक'. व्हिसाधारकांबद्दल त्यात चकार शब्द नाही. आणि अलिटो यांचं ते वाक्य आहेच.

सोन्याचं म्हणाल तर घरं फुटतात हे खरं. दिवाळीच्या सुमारास आमच्याकडचे पोलीस पाटल्या-बांगड्या घरात ठेवू नका म्हणून सांगतात. पण असले चोर घरात कोणी नाही हे हेरूनच येतात. रिकाम्या घरातलं पिस्तूल कोणाला वाचवणार? सोन्याबरोबर तेही जाईल.

बायकोच्या तक्रारीचा मुद्दा वाचून वाटलं की लिहिणाऱ्याला घरून कधीतरी चांगलंच ऐकून घ्यावं लागलं असणार. निकाल रहिमी खटल्याचा, २१ जून २०२४, आठ विरुद्ध एक. विरोधात एकटे थॉमस, ज्यांनी ब्रुएन लिहिला तेच. टेक्सासच्या या गृहस्थाने आपल्या मुलाच्या आईला पार्किंगमध्ये मारहाण केली, आणि बघणारा कोणी दिसला म्हणून गोळी झाडली. कोर्टाने त्याच्यावर मनाई हुकूम काढला. त्यानंतरच्या त्याच्यावरच्या आरोपांत अनेक गोळीबार आहेत. त्यातला एक बर्गरच्या दुकानातला, मित्राचं कार्ड चाललं नाही म्हणून हवेत गोळ्या. सुप्रीम कोर्टाने एवढंच म्हटलं की एखादा माणूस दुसऱ्याच्या जिवाला खरा धोका आहे असं न्यायालयाने ठरवलं असेल, तर त्याच्याकडून बंदूक तात्पुरती काढून घेता येते. ज्या कायद्याखाली हे होतं, त्यात आधी नोटीस लागते, बाजू मांडायची संधी लागते, मग हुकूम. 'नुसती तक्रार' यात कुठेच नाही.

न्यूयॉर्कने निकाल धाब्यावर बसवला, हे अर्धं खरं. गव्हर्नर होकुल भडकल्या होत्या हे नक्की, आणि का भडकू नयेत? त्यांच्याच राज्यातल्या बफेलोच्या सुपरमार्केटात दहा माणसं मारली गेल्याला तेव्हा जेमतेम सहा आठवडे झाले होते. ज्यांना वाटतं की हाती बंदूक असती तर हे टळलं असतं, त्यांच्यासाठी: तिथल्या सुरक्षारक्षकाकडे, जो निवृत्त पोलीस होता, बंदूक होती. त्याने गोळी झाडलीही. हल्लेखोराने चिलखत घातलं होतं. रक्षक गेला. तर न्यूयॉर्कने १ जुलैला नवा कायदा केला. 'सबळ कारण' काढलं, १८ तासांचं प्रशिक्षण घातलं, आणि टाइम्स स्क्वेअरसह बऱ्याच जागांवर बंदी आणली. अख्खं मॅनहॅटन बंदीक्षेत्र म्हणता येणार नाही, असं थॉमस यांनी बजावून ठेवलं होतं. होकुलबाईंची यादी जरा जास्तच ताणलेली होती, आणि तिच्यातला काही भाग कोर्टांनी अडवलाही. पण लोक कोर्टात भांडतायत याला अवमान म्हणत नाहीत.

राहिले गांधीजी. सगळ्या देशाला निःशस्त्र करणारा कायदा हे ब्रिटिश राजवटीचं सर्वांत काळं कृत्य, असं त्यांनी लिहिलं होतं, हे शंभर टक्के खरं. कुठे लिहिलं होतं? १९१८ मध्ये गुजरातच्या खेडा जिल्ह्यात वाटलेल्या पत्रकात, जे लोकांना ब्रिटिशांच्या फौजेत भरती व्हा असं सांगत होतं. हत्यार चालवायला शिकायचंय ना, मग ही संधी, असा तो युक्तिवाद. त्यावरून घरोघरी पिस्तूल कसं निघतं ते मेसेजवाल्यालाच ठाऊक.

आणि भारताने हा हक्क द्यावा की नाही हा वाद आजचा नाही. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क, नियमांच्या अधीन राहून, होता. घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घालावा म्हणून दुरुस्ती सुचवली. उत्तर डॉ. आंबेडकरांनी दिलं. ज्याला वाटेल त्याने बाजारात जाऊन हल्ल्याची साधनं विकत घ्यावीत आणि सरकारने मध्ये पडू नये, अशा स्थितीत राज्यकारभार कसा चालेल याची मला कल्पनाच करता येत नाही, असा त्यांचा रोख होता. दुरुस्ती फेटाळली गेली. आपल्या घटनेत एकत्र जमण्याचा जो हक्क आहे तो 'शांततेने व विनाशस्त्र' असाच आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत आपल्या सुप्रीम कोर्टाने उत्तर प्रदेशातल्या विनापरवाना हत्यारांच्या प्रकरणात अमेरिकेशी तुलना करून हेच नोंदवलं, की असा हक्क भारतात कोणालाच दिलेला नाही.

भाच्याने शनिवारचा बेत रद्द केलाय. ऑफिसच्या गँगमधले आणखी दोघे व्हिसावर आहेत म्हणे, त्यांनाही हे वाचायला दे म्हणून सांगितलंय. ताईचा अंगठा अजून तसाच आहे.