तीन कुंड्यांच्या संचाला एक तारा देणाऱ्या ग्राहकास

नमस्कार,

तुमचा अभिप्राय येऊन आज सोळा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, पण तो मुद्दाम केला. कारण पुढे येईलच.

बाकी वाचणाऱ्यांसाठी आधी तक्रार काय ती सांगतो. यांनी भाड्याच्या एका खोलीसाठी आमचा कोथिंबीर, पुदिना आणि बेसिलचा संच घेतला. बारा दिवसांत कोथिंबिरीचे चारच कोंब वर आले. पुदिना आठवड्यात पिवळा पडून माना टाकून बसला. घरभर चिलटं झाली. बशीतलं पाणी ओघळून खिडकीखालच्या भिंतीवर डाग पडला आणि घरमालकाची बोलणी खावी लागली. आम्हाला फोन केला तर ‘पाणी जास्त झालं असेल’ एवढं बोलून समोरच्यानं विषय संपवला. शेवटी यांनी लिहिलंय: ‘हे लोक माती विकतात, बाकी नशीब तुमचं.’

वाक्य झोंबलं. म्हणून तुमच्या पाकिटावरचा लॉट नंबर शोधला, त्याच लॉटमधले वीस धने ओल्या सुती फडक्यात गुंडाळले आणि झाकणाच्या डब्यात ठेवले. उशीर झाला तो यामुळे, कारण धने मेथीसारखे तीन दिवसांत मोड दाखवत नाहीत. त्यांना आठ-दहा दिवस सहज लागतात, कधी दोन आठवडे. चौदाव्या दिवशी फडकं उघडलं तेव्हा विसांपैकी सहांनाच मोड आले होते. म्हणजे बियाणं जुनं होतं. चूक सरळसरळ आमची. तो लॉट विक्रीतून काढून टाकलाय.

त्यात आणखी एक गोष्ट पत्रकात लिहायची राहिली होती. एका धन्यात दोन बिया चिकटलेल्या असतात. पेरण्याआधी लाटण्यानं हलकेच रगडून त्याचे दोन भाग करायचे, रात्रभर भिजवायचे. आम्ही गोल धने पाठवले आणि ‘पेरा’ म्हणून मोकळे झालो.

आता पाण्याचं. आमच्या पत्रकात ठळक अक्षरात छापलंय: ‘रोज पाणी घाला.’ ते वाक्य मीच लिहिलं होतं. तुम्ही इमानदारीनं रोज घातलंत, आणि फोनवर आमच्याच माणसानं तुम्हाला जास्त पाण्याबद्दल सुनावलं. यावर मी काय बचाव करणार? आता पत्रक बदललंय: बोट एका पेराएवढं मातीत खुपसायचं, ओलं लागलं तर त्या दिवशी पाणी नाही. चिलटांचं मूळही तिथेच आहे. त्यांच्या अळ्या सतत ओल्या राहणाऱ्या वरच्या थरात वाढतात. तो थर दोन पाण्यांच्या मध्ये कोरडा होऊ द्या, कुंडीत पिवळा चिकट कागद खोचून ठेवा. दोन-तीन आठवड्यांत कमी होतील. चावत नाहीत, पण ताप देतात, हे मान्य.

पुदिन्याचा दोष मात्र सगळा घेणार नाही. तुम्ही टाकलेला फोटो मोठा करून पाहिला. आमची काळी प्लॅस्टिकची कुंडी तुम्ही चिनी मातीच्या एका सुंदर कुंडीत उतरवली आहे, आणि तिला खाली भोक दिसत नाही. वरून घातलेलं पाणी तिथे साचतं आणि मुळं त्यात कुजतात. पुदिन्याला ओल आवडते, डबकं नाही. बाहेरची कुंडी ठेवायचीच असेल तर तळाशी खडे पसरून आतली कुंडी पाण्याच्या वर राहील असं बघा, किंवा पाणी घातल्यावर अर्ध्या तासानं बाहेरच्या कुंडीतलं ओतून द्या.

त्याच फोटोत मला जास्त खटकलं ते वेगळंच. भर दुपारचा फोटो आहे म्हणता, पण कुंडीची सावलीच पडलेली नाही. दुपारी पांढऱ्या कागदावर फूटभर उंचीवर हात धरा. बोटांची सावली रेखीव पडली तर उजेड भरपूर, नुसता धूसर डाग दिसला तर मध्यम, काहीच नाही तर बेसिलचा नाद सोडा. त्याला सहा तास तरी ऊन लागतं. आणि आमच्या खोक्यावर काय लिहिलंय? ‘कुठल्याही खिडकीत.’ हे लिहायलाच नको होतं. भाड्याच्या घरात खिडकीची दिशा बदलता येत नाही, बाहेर फळी ठोकायला भिंतीला भोक पाडता येत नाही. जी खिडकी मिळाली तिला चालेल तेच रोप घ्यावं लागतं. तुमच्या खिडकीत पुदिना जगेल. ट्रेमध्ये दाट पेरून कोवळीच कापायची मेथीही येईल. बेसिल आम्ही तुम्हाला विकायलाच नको होतं.

तुमच्या अभिप्रायातलं ‘दिवे खपवायला उजेडाचं निमित्त सांगतात’ हे मात्र पटलं नाही. आम्ही दिवे विकत नाही. लावायचाच झाला तर घरातला साधा पांढरा एलईडी रोपाच्या फूटभर वर, दिवसाचे बारा-चौदा तास पुरे होतो.

संचाचे पूर्ण पैसे आज परत पाठवलेत. भिंतीचा तो तुकडा रंगवायचा खर्चही आमच्याकडे. बशी उथळ होती, कुंडीतून निथळणारं पाणी तिच्यात मावतच नव्हतं. रंगाऱ्याचं बिल पाठवून द्या. घरमालकांशी बोलायला हवं असेल तर मी स्वतः बोलेन.

आणि तो पुदिना अजून फेकला नसेल तर थांबा. फोटोत उजवीकडची एक फांदी टोकाशी हिरवी आहे. जिथे पानं फुटतात त्या पेराच्या जरा खाली कापा, खालची पानं काढा, पेलाभर पाण्यात उभी ठेवा, पाणी एक-दोन दिवसांनी बदला. आठवडा-दोन आठवड्यांत पांढरी मुळं दिसतील. मग लावा, पण या वेळी भोक असलेल्या कुंडीत.