समोर रिझर्व्हेशन आहे, काही होणार नाही

नमस्कार, तुमची कमेंट काल रात्रीच वाचली, पण तेव्हाच उत्तर दिलं असतं तर जरा तिखट गेलं असतं म्हणून थांबलो. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की रिसेलचा फ्लॅट घेताना एजंटच्या शब्दावर विसंबलो आणि फसलो. त्यावर यांचं म्हणणं असं की ते स्वतः ११ वर्षं एजंट आहेत, एजंटचं काम फ्लॅट दाखवायचं आणि पार्ट्या जुळवायच्या, कागद बघायचे ते घेणाऱ्याने आणि त्याच्या वकिलाने, शिकलेसवरलेले लोक डोळे मिटून सह्या करतात आणि मग एजंटांच्या नावाने खडे फोडतात. आणि शेवटी, "ब्रोकरेज घासाघीस करून अर्धं केलं असेल, मग सर्व्हिस पण अर्धीच मिळणार."

शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करतो कारण ते झोंबलं. हो, केली होती घासाघीस. २ टक्के सांगितले होते, १ वर आणले आणि घरी येऊन बायकोला फुशारकीने सांगितलंही. पण १ टक्क्यात अर्धंच खरं मिळेल असं काही तेव्हा ठरलं नव्हतं ना!

"फसलो" हा शब्द मात्र मागे घेतो. काल तुमची कमेंट वाचून झोप लागेना तेव्हा तो दिवस पुन्हा आठवून बघितला, आणि खरं सांगायचं तर माणूस धडधडीत खोटं काहीच बोलला नव्हता. गॅलरी त्याने शेवटी दाखवली. स्लायडिंग अडकत होतं, त्याने खांदा लावून ढकललं, आणि समोर मोकळा प्लॉट, बाभळी, कडेला दोन म्हशी बसलेल्या, वारा असा की बायको तिथेच थांबली. तो म्हणाला, "समोर रिझर्व्हेशन आहे सर, काही होणार नाही." यातलं पहिलं अर्धं वाक्य शंभर टक्के खरं होतं, डीपीमध्ये, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, तो प्लॉट सार्वजनिक कामासाठी राखीव होताच. शाळेचं. मी ऐकलं बागेचं. बाग हा शब्द त्याने उच्चारलाही नव्हता, माझ्याच डोक्यात बाकडी आणि घसरगुंडी तयार झाली. दुसरं अर्धं वाक्य त्याच्या पदरचं. तिसऱ्या वर्षी पत्रे ठोकायला माणसं आली, मी गॅलरीतून ओरडून विचारलं काय होतंय, खालून उत्तर आलं "शाळा". आता चौथ्या मजल्याचा स्लॅब माझ्या डोळ्यांसमोर आहे, अक्षरशः.

रिझर्व्हेशन म्हणजे मोकळी जागा असं आपण धरूनच चालतो, पण शाळा, दवाखाना, मंडई, फायर स्टेशन ही सगळी रिझर्व्हेशनंच आणि सगळ्यांना भिंती असतात. बरं बागेचं असतं तरी कायमचं असं नाही. १९६६ च्या नगररचना कायद्यातलं कलम १२७ तुम्हाला माहीत असेलच, १० वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरही मुदतीत काही हालचाल झाली नाही तर आरक्षणच उडतं. मग तिथे टॉवर.

तुम्ही म्हणाल, मग महापालिकेतून डीपी रिमार्क, म्हणजे आराखड्यात त्या जागेवर काय आहे याचा दाखला, का नाही काढला. बरोबर आहे, काढायला हवा होता, तेवढी चूक माझी. पण वकील लावला होता हो मी. त्याने इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) बघितला, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट बघितलं, मालकीचा ३० वर्षांचा सर्च काढला, ओसी (बिल्डिंग वापरायचा दाखला) बघितली, लोन देताना बँकेनेही तेच सगळं पुन्हा बघितलं. माझ्या फ्लॅटचे कागद चोख आहेत. पण समोरच्या प्लॉटचे कागद माझ्या फाईलमध्ये येणार कुठून? उन्हाळ्यात टँकर किती लागतात, वरच्यांच्या बाथरूमचं लीकेज आहे का, पार्किंगवरून सोसायटीत भांडण आहे का, हे कुठल्याच सर्च रिपोर्टमध्ये नसतं. ते तुम्हा लोकांना माहीत असतं, रोज त्याच बिल्डिंगा चढता-उतरता, म्हणून तर आम्ही पैसे देतो. नुसता दरवाजा उघडायला चावी वॉचमनकडेही होती.

पार्किंगचंही तसंच झालं. "पार्किंग आहे, मालक तिथेच लावतो." लावत होता ना, मी डोळ्यांनी गाडी बघितली! पहिल्याच मीटिंगला सेक्रेटरी म्हणाले ती जागा त्यांना अलॉट झालेलीच नव्हती, रिकामी दिसली म्हणून लावायचे. ओपन आणि स्टिल्ट (बिल्डिंगखालच्या खांबांमधलं) पार्किंग बिल्डरला फ्लॅटसारखं वेगळं विकता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय, त्याचं वाटप सोसायटी बघते, हे मला नंतर वाचून कळलं. एजंटला आधीपासून माहीत असणार.

रेराचं, म्हणजे रिअल इस्टेटच्या कायद्याचं, तुम्ही लिहिलंय की "आता सगळं रेग्युलेटेड आहे". अर्धं मान्य. २०१६ च्या कायद्यात एजंटची नोंदणी आहे, कलम १० मध्ये दिशाभूल करणारी विधानं करू नयेत असंही आहे आणि त्यात लेखीच्या जोडीला तोंडीसुद्धा धरलंय, महारेराने (राज्याच्या रेरा प्राधिकरणाने) तर एजंटांना परीक्षा पण लावली. पण हे सगळं रेरात नोंदलेल्या प्रोजेक्टपुरतं, २० वर्षं जुन्या बिल्डिंगमधल्या रिसेलवाल्याने काय करायचं? आणि तोंडी बोललेलं सिद्ध कसं करायचं, म्हशींना साक्षीला बोलवू?

आणखी एक, तुम्ही दोन्हीकडून ब्रोकरेज घेता. घ्या, माझी हरकत नाही, पण मग "आमचं काम फक्त दाखवायचं" असं मला म्हणताना विकणाऱ्याला तुम्ही "मी पार्टीला बरोबर समजावतो" म्हणता ना, ते समजावणं कुठल्या कामात मोडतं?

सगळे एजंट तसलेच असं मी मागच्या पोस्टमध्ये कुठेही म्हटलेलं नाही, हवं तर पुन्हा वाचा. सध्या मेहुणीसाठी फ्लॅट बघतोय आणि प्रत्येक एजंटला एकच सांगतो, जे बोललात ते व्हॉट्सअ‍ॅपवर टाईप करून पाठवा. पहिल्याने व्हॉइस नोट पाठवली, त्यात "बघू, होऊन जाईल" एवढंच. दुसऱ्याने अंगठा पाठवला. तिसऱ्याचा मेसेज रात्री साडेदहाला आला, "सर समोरच्या प्लॉटचं मला नक्की माहीत नाही, सोमवारी झोन दाखल्याला अर्ज टाकतो." त्याच्याकडूनच घेतोय, आणि या वेळी २ टक्क्यांवर तोंड उघडलेलं नाही.