पगारावरची गायिका

आमच्या जुन्नरकडच्या गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यात्रा जवळ आली की रणधुमाळी सुरू होते: तमाशा आणायचा की डीजे? एक बाजू म्हणते, लावणीच्या नावाखाली हल्ली जे चालतं ते पोरीबाळींसोबत बघवत नाही. दुसरी म्हणते, लोककला जगली पाहिजे. मग पदर, कंबर, नऊवारी यांवर रात्रभर मेसेज. अवकाळी पाऊस येऊन खेळ बुडाला तर फडातल्या बाईच्या हातात त्या रात्री काय पडतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

मी हे किरगिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकमध्ये बसून वाचते. इथे डॉक्टरी शिकायला आलेल्या आपल्याकडच्या मुलांची मेस चालवते. भाजी निवडताना किरगिझ गाणी लावायची सवय लागली आणि त्यातून सलामत सादिकोवाचा आवाज ओळखीचा झाला. सलामत १९५६ ची, दक्षिणेकडच्या बातकेनची. तो जर्दाळूंचा मुलूख, आणि किरगिझांचं वाद्य, कोमुझ, तेही जर्दाळूच्याच लाकडाचं करतात: तीन तारा, पडदे नाहीत. चेहऱ्यावर फारशी हालचाल न करता ती एक सूर लावते आणि तो सोडतच नाही. नवी आलेली मुलं ताटावरचा हात थांबवून बघत राहतात, ही बाई श्वास घेणार तरी कधी. आज ती देशाची ‘जनकलाकार’ आहे.

तिच्या कितीतरी आधी ही वाट मिस्काल ओमुरकानोवाने पाडली. जन्म १९१५ चा, केमिन भागातला. पुढच्याच वर्षी झारविरुद्धचं बंड चिरडलं गेलं आणि किरगिझ कुटुंबंच्या कुटुंबं बर्फाचे घाट ओलांडून चीनकडे पळाली. त्या काळी बाईच्या गाण्याची जागा मुख्यतः तंबूत. घरातलं माणूस गेलं की बायका कोशोक म्हणत, म्हणजे शोकगीत. मुलगी सासरी निघाली तरी कोशोकच. चारचौघांत मैफल गाजवायची ती पुरुषांनी. १९३६ मध्ये फ्रुंझेत, म्हणजे आजच्या बिश्केकमध्ये, सरकारी फिलहार्मनी, म्हणजे पगारी कलावंतांची संगीतसंस्था, उभी राहिली आणि मिस्काल कोमुझ घेऊन तिथल्या रंगमंचावर गाऊ लागली. पुढे तिलाही किताब मिळाला, पण मला अप्रूप वाटतं ते मस्टरवर नाव लागण्याचं. गाणं ही बाईची नोकरी झाली. नोकरी करणाऱ्या बाईची चाल कशी आहे, हे कुणी पारावर बसून ठरवत नाही. निदान कमी ठरवतं.

आपल्याकडे विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. खेळ चालू असताना बाळंतीण झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. आपण ती मोठ्या अभिमानाने सांगतो. मला त्यात एक सुट्टी न मिळालेली कामगार दिसते. १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला, आणि २००२ मध्ये गेल्या तेव्हा दवाखान्याचं बिल लोकवर्गणीतून भागवावं लागलं. नंतर त्यांच्या नावाने सरकारी पुरस्कार सुरू झाला. वृद्ध कलावंतांना राज्य सरकार आता महिन्याला ५००० रुपये मानधन देतं. गळा चालू असतो त्या वर्षांचं काय, ते फडमालक आणि गावची कमिटी बघणार.

म्हणून सोव्हिएत व्यवस्थेची आरती ओवाळायची, असं नाही. त्या पगाराबरोबर लेनिन-स्टालिनची स्तुतिगीतंही आली. ऑर्केस्ट्रात बसवायला कोमुझचे लहानमोठे अवतार घडवले गेले. १९५२ मध्ये तर किरगिझांच्या खुद्द ‘मानस’ महाकाव्याला फ्रुंझेतल्या परिषदेत आरोपीसारखं उभं केलं होतं. सोव्हिएत संघ मोडल्यावर पगाराची किंमतच उरली नाही, आणि आज गाणाऱ्यांची खरी कमाई तोईवर, म्हणजे लग्नं आणि मोठ्या जेवणावळींवर होते. सुपारी इथेही आलीच.

आणि बाईच्या मानाचं म्हणाल तर तोही अटी घालून मिळतो. घोळदार झगा, डोक्याला पांढरं एलेचेक, हातात कोमुझ असेल तर ती सगळ्यांची ‘एजे’, मोठी बहीण. २०१८ मध्ये झेरे असिलबेक या १९ वर्षांच्या मुलीने बाईच्या स्वातंत्र्याचं गाणं केलं. व्हिडिओत तिने ब्लेझरखाली नुसती ब्रा घातली होती. तिला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. तेव्हाची भांडणं वाचली तर आमच्या ग्रुपचीच वाटतील, लिपी तेवढी वेगळी. माझं या देशाबद्दल भाबडं प्रेम नाही. २०२४ च्या मे महिन्यात जमाव परदेशी विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलांवर चालून गेला, तेव्हा आमच्या मुलांचे डबे खोलीपर्यंत पोचवायचे कसे, याच चिंतेत मी होते.

तरीही इथल्या १०० सोमच्या नोटेवर तोक्तोगुल हा गवई आहे, ५०० च्या नोटेवर मानस गाणारा सायाकबाय कारालाएव, आणि ५ च्या जुन्या नोटेवर बुबुसारा बेइशेनालिएवा ही बॅले नर्तिका. नाचणारी बाई नोटेवर! आमच्या कमिटीला सांगितलं तर हसतील.

मला विचाराल तर राज्याने दोन-तीन फड सरळ पगारावर घ्यावेत: बाळंतपणाची रजा, भविष्य निर्वाह निधी, पावसाळ्यातले चार महिनेही पगार. आणि मिस्कालच्या वाट्याला आली ती स्तुतिगीतांची सक्ती नको. वगात सोंगाड्या पालकमंत्र्यांची टोपी उडवणारच. ते पहिल्या रांगेत बसलेले असले तरी उडवणार, आणि दुसऱ्या दिवशी सोंगाड्याच्या पगाराला कुणी हात लावायचा नाही.