ओढा निघून गेला

आज सकाळी कुकरची दुसरी शिट्टी होत होती तेव्हा ट्रेकच्या ग्रुपवर मेसेज पडला. "पुरानंतर पाणी परत निळं झालंय का ते आधी कन्फर्म करा. चॉकलेटी असेल तर माझे पैसे परत मागा, मी येत नाही." खाली लगेच तीन अंगठे. उत्तर टाइप करता करता कुकर पाच शिट्ट्यांवर गेला आणि भाताचा गचका झाला. ते उत्तर मी ग्रुपवर पाठवलं नाही. इथे लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आम्ही ॲरिझोनातल्या फिनिक्सकडची सहा मंडळी हवासूपायला जायचं ठरवतोय. ग्रँड कॅन्यनच्या एका फाट्यातले ते निळेहिरवे धबधबे, तुम्ही सगळ्यांनी कुणाच्या ना कुणाच्या रीलमध्ये पाहिलेत. वर हुआलापाय हिलटॉपला गाडी लावायची, तिथून आठ मैल उतरत चालत सुपाय, म्हणजे तिथल्या हवासूपाय या मूळनिवासी जमातीचं गाव, पुढे दोन मैलांवर कॅम्पग्राउंड. गावाला गाडीरस्ता नाही. टपाल अजून खेचरांवरून जातं. परमिट तीन रात्रींचंच मिळतं आणि माणशी साडेचारशे डॉलरच्या वर पडतं. आणि २२ ऑगस्ट २०२४ ला तिथे पूर आला. शंभरहून जास्त लोकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं आणि एक बाई वाहून गेली.

एक बाई गेली, आणि आपला प्रश्न काय, तर पाण्याचा रंग.

मी २०१९ च्या एप्रिलमध्ये तिथे जाऊन आलेय. तेव्हा माझ्याकडे एका मैत्रिणीचं जुनं गाइडबुक होतं, त्यात गावाच्या खाली नवाहो फॉल्स म्हणून ठळक खूण. जाताना तो मला दिसलाच नाही. दिसले ते भलतेच दोन धबधबे, नकाशात नसलेले. परतीच्या वाटेवर गावातल्या दुकानाबाहेरच्या बाकावर टाचेच्या फोडाला टेप लावत बसले होते, शेजारी एक आजोबा. हॅट, हातात चिप्सचं पाकीट, पायाशी एक कुत्रा, आणि त्या कुत्र्याचं सगळं लक्ष पाकिटावर. मी पुस्तक उघडून त्यांच्यासमोर धरलं आणि विचारलं, हा कुठे गेला? माझा सूर कसा होता ते आता आठवलं की लाज वाटते. दुकानदाराने वजनात मारल्यासारखा. त्यांनी खुणेवर बोट टेकवलं, बोटाला मीठ लागलेलं, अजून त्या पानावर तेलकट डाग आहे. म्हणाले, "तो कुठे जाणार? तिथेच आहे. ओढा निघून गेला."

ऑगस्ट २००८ च्या पुरात वरचा एक मातीचा बांध फुटला, लोंढ्याने ओढ्याची वाटच बदलली. जुन्या धबधब्याचा कडा कोरडा पडला आणि बाजूला दोन नवे पडायला लागले. ज्यांच्याखाली मी आदल्या दिवशी तासभर डुंबले होते, ते हेच दोन. म्हणजे ज्याला आपण "डॅमेज" म्हणतोय त्यातच मी पोहत होते.

त्या पाण्यात चुना विरघळलेला असतो. तो पडेल त्या फांदीवर, दगडावर साचतो, त्याची बशीसारखी कुंडं तयार होतात. पूर ती फोडतो, पाणी परत बांधायला बसतं. रंगाचं म्हणाल तर लोंढा ओसरला की झऱ्याचं पाणी गाळ ढकलत राहतं आणि निळं परत येतं. त्याला तुमच्या कन्फर्मेशनची गरज नाही.

आता चिडू नका, पण चिपळूणची माझी आत्या सांगते ते लिहितेच. जुलै २०२१ ला वाशिष्ठी घरात शिरली तेव्हा ती माळ्यावर शेंगदाण्याचा डबा घेऊन बसली होती. फोन लागायला लागले तसा पुण्याहून एका नातेवाइकाचा फोन आला, "व्हिडिओ काढलास का गं? पाठव ना." तिला आजही त्या माणसाचं नाव काढलेलं चालत नाही. पुराचा गाळ घरात किती दिवस वास मारतो, कपाटाची फळी कशी फुगते आणि मग कधीच नीट लागत नाही, हे आपल्यातल्या अर्ध्या लोकांना सांगायला नको. मग सुपायच्या बाबतीत ते एकदम "लोकेशन" कसं होतं?

हो, त्यांचं पर्यटन महाग आहे. खेचरांच्या हालांच्या तक्रारी झाल्यात, जून २०२४ मध्ये कित्येक जण उलट्याजुलाबांनी बेजार होऊन बाहेर आले. तेही खरं. ठीक.

पण हिशेब काढायचाच तर पूर्ण काढा. १८८२ मध्ये अमेरिकी सरकारने या हवासूपाय लोकांना तळातली ५१८ एकर जमीन आखून दिली आणि वरचं पठार, जिथे ते हिवाळ्यात शिकारीला जायचे, ते हातचं गेलं. पुढे त्यातच नॅशनल पार्क आलं. १९७५ साली सुमारे एक लाख ८५ हजार एकर परत मिळाली, म्हणजे नव्वद वर्षांच्या वर थांबून. कोविडमध्ये त्यांनी मार्च २०२० पासून दारं लावून घेतली ती फेब्रुवारी २०२३ पर्यंत, उत्पन्न बुडवून. त्यातच ऑक्टोबर २०२२ च्या पुराने पूल आणि वाटा नेल्या. आता वर, कॅन्यनच्या दक्षिणेला, पिनियन प्लेनची युरेनियमची खाण सुरू झालीय. आपल्या झऱ्यांच्या पाण्यात काय उतरेल म्हणून ते लोक वर्षानुवर्षं विरोध करतायत. त्यावर ग्रुपमध्ये एकही मेसेज नाही. अंगठासुद्धा नाही.

जाऊ दे. माझाही आवाज चढतोय, आणि खरं सांगायचं तर मी कुणाला शिकवायच्या जागी नाही. मला राहून राहून टोचतं ते हे की त्या बाकावर मी आजोबांना धबधब्याबद्दल चार प्रश्न विचारले. फोटोला ऊन कुठून येतं ते विचारलं. फ्राय ब्रेड कुठे मिळेल ते विचारलं (मिळाला, आपल्या भटुऱ्याचा जाडा भाऊ, अप्रतिम). पण त्या २००८ च्या पुरात तुम्ही कुठे होतात, घर राहिलं का, हे नाही विचारलं. ते आपणहून सांगतील इतका वेळ बसलेही नाही. हिलटॉपची चढण उन्हाआधी गाठायची होती ना! आत्याच्या त्या पुण्याच्या फोनवाल्यात आणि माझ्यात फरक एवढाच, की मी बाकावर शेजारी बसले होते.

तर मी जाणार आहे. मेमध्ये, पावसाआधी. गंमत म्हणजे ॲरिझोनातही त्याला मान्सूनच म्हणतात, १५ जून ते ३० सप्टेंबर. इथला पाऊस आपल्यासारखा सांगून येत नाही. आभाळ डोक्यावर कोरडं असतं आणि पाऊस पडतो तो पार विल्यम्सच्या बाजूला, कित्येक मैलांवर. ते सगळं पाणी याच घळीत उतरतं. म्हणून तंबू ओढ्याला चिकटून लावायचा नाही, मग फोटो कितीही छान येवो. पळायची चढाची वाट उजेडात बघून ठेवायची. यावर वाद नको.

ज्यांना पाण्याचा रंग बघून ठरवायचंय त्यांनी आत्ताच सांगा. जागा रिकामी जाईल, जाऊ दे. रविवारी साडेपाचला इथल्या साउथ माउंटन डोंगराच्या पायथ्याशी सरावाला भेटू, भरलेली सॅक घेऊन. उशीची खोळ कोंबून फुगवलेली सॅक चालणार नाही, मागच्या वेळी कुणी केलं होतं ते मला माहीत आहे.

गाइडबुक मी परत नेतेय. डागाचं पान उघडून त्या बाकावर बसेन, आजोबा असले तर.

एडिट: कमेंटमध्ये विचारणाऱ्यांसाठी. हो, मूनी फॉल्सला (कॅम्पग्राउंडच्या पुढचा धबधबा) हातमोजे लागतात. सुमारे दोनशे फूट साखळ्या आणि शिड्या धरून उतरायचं, सगळं तुषारांनी ओलं. हरिहर गड उतरलेल्यांना अंदाज येईल, फक्त इथे खोबण्या निसरड्या. बागकामाचे मोजे चालतात. आधीच्यांनी सोडलेले मिळतील यावर राहू नका.

एडिट २: सहाचे चार झालो.