माप आणि किंमत, दोन वेगळ्या गोष्टी

‘दुकानात माप घेऊन विकले जाणारे महागडे शाळेचे बूट म्हणजे पालकांच्या धास्तीवर चालणारा धंदा’ हे लेखातलं विधान मला अर्धंच पटलं. इथे इंग्लंडमध्ये क्लार्क्ससारख्या दुकानात लांबीबरोबर पायाची रुंदीही मोजतात. एकाच नंबरात एफ, जी, एच अशा रुंदीचे बूट मिळतात. माझ्या मुलाचा पाय पुढे पसरट आहे. सुपरमार्केटमधले बूट लांबीला बरोबर बसायचे, पण करंगळी सोलून निघायची. एक नंबर मोठा घेतला की टाच निसटायची. त्याच्यासाठी ४०-५० पौंड मोजणं मला रास्तच वाटतं. धाकटीला मात्र स्वस्तातले बूट छान होतात, मग तिच्यासाठी तेवढे कशाला घालवायचे?

लेखात राहून गेलेली गोष्ट म्हणजे माप घरीही घेता येतं. संध्याकाळी, शाळेचे मोजे घालून, मुलाला कागदावर उभं करून दोन्ही पाय आखा, मोठ्या पायाचं माप धरा आणि पुढे साधारण अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवा. आणि ‘वर्षभर पुरतील’ म्हणून दोन नंबर मोठे बूट घ्यायची आपल्याकडची सवय कृपया सोडा. अशा बुटांत मूल बोटं आवळून चालतं, धावताना अडखळतं.