ठसा न उमटलेला माणूस

बँकेच्या केवायसी यंत्राने परवा माझी दहाही बोटे एकामागून एक नाकारली, आणि काउंटरवरच्या मुलीने सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात "सर, तुमच्या बोटांना रेषाच नाहीत," असे जाहीर केले. कारण मला ठाऊक होते. कडे चढता यावेत म्हणून मी घरी दाराच्या चौकटीवर हँगबोर्ड ठोकला आहे. त्याच्या 20 मिलिमीटर खोलीच्या लाकडी कडेला बोटांच्या शेवटच्या पेरांनी लटकायचे, घाम येऊ नये म्हणून मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड चोळायची आणि घट्टे फाटू नयेत म्हणून ते सँडपेपरने घासायचे, हा माझा नेम आहे. त्यातून जी कातडी उरते ती सुट्टीच्या दिवशी सह्याद्रीचा बेसॉल्ट नेतो.

"बोट कपाळावर घासा सर, तेलकट झाले की घेईल," असे मुलीने सुचवले. मी निमूटपणे कपाळ घासू लागलो, तेव्हा मागे हयातीच्या दाखल्यासाठी उभे असलेले एक आजोबा पुढे सरकले.

"घरची भांडी तुम्हीच घासता वाटते?" त्यांनी सहानुभूतीने विचारले.

मी हँगबोर्ड समजावून सांगितला. वास्तविक "होय" म्हणून विषय संपवता आला असता. परंतु ज्याला स्वतःचा छंद एका शब्दात आटोपता येतो, असा गिर्यारोहक मला तरी अजून भेटलेला नाही.

"म्हणजे लोंबकळायचे. किती वेळ?"

"दहा सेकंद. मग तीन मिनिटे विश्रांती."

आजोबांनी मनाशी हिशेब केला. "दहा सेकंद काम आणि तीन मिनिटे आराम? मी आयुष्यभर सरकारी नोकरी केली हो, पण हे प्रमाण आम्हालाही कधी साधले नाही."

रांग हसली. मी चिडून शास्त्राचा आधार घेतला. बोटे वाकवणारे स्नायू बोटांत नसून कोपराखाली असतात, तेथून निघालेले कंडरे, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे चिवट दोर, बोटांना ओढतात, आणि या कंडऱ्यांना हाडाशी धरून ठेवणाऱ्या कड्यांपैकी एखादे अति ताणाने तुटले तर फट्कन आवाज येऊन पुढचे कित्येक आठवडे बोट निकामी होते; म्हणून विश्रांती हवी, असे मी सविस्तर सांगितले. त्यावर "मग बोटांचा व्यायाम कशाला म्हणता, कोपराचा म्हणा," एवढाच शेरा मिळाला, आणि तो खोडून काढणे मला जमले नाही.

शेवटचा उपाय म्हणून मी वोल्फगांग ग्युलिश या जर्मन गिर्यारोहकाला मध्ये आणले. त्याने 1988 मध्ये न्यूरेम्बर्गच्या एका व्यायामशाळेत तिरक्या फळीवर लाकडी पट्ट्या ठोकल्या आणि पाय न टेकता नुसत्या बोटांच्या जोरावर तो त्यांवरून उड्या घेत वर जाई. तीच ती कॅम्पस बोर्ड. एकदोन बोटेच मावतील अशा खळग्यांचा, त्या काळी जगात सर्वांत अवघड ठरलेला, जर्मनीतल्या फ्रँकेनयुरा या डोंगराळ भागातल्या कड्यावरचा एक मार्ग त्याने 1991 मध्ये सर केला, तो याच सरावाच्या बळावर. आजोबांनी सारे शांतपणे ऐकून घेतले.

"आणि त्याचे ठसे बँकेत घेत होते का?"

एवढे विचारून त्यांनी माझ्या खांद्यावरून हात लांबवला आणि स्वतःचे बोट यंत्रावर टेकवले. यंत्राने लगेच हिरवा दिवा दाखवला. आपण हयात आहोत हे शासनाला पटवून आजोबा निघाले, आणि जाताना मला खोबरेल तेल लावायला सांगून गेले.

गंमत इथवरच. विटा उचलणाऱ्या, भांडी घासणाऱ्या माणसांच्या रेषा कामाने झिजतात, आणि रेशनच्या दुकानात यंत्र त्यांनाही असेच नाकारते. मी हौसेने झिजवल्या, तर मला निदान बसायला खुर्ची मिळाली. त्यांनी बुडालेल्या रोजासह रिकामी पिशवी घेऊन परतायचे. आणि समोर धडधाकट उभा असलेला माणूस हा तोच आहे याची खात्री माणसाने करून घ्यायची नाही, ती काचेच्या एका तुकड्याने द्यायची, ही कुठली रीत?

अखेर मुलीने एक छापील अर्ज काढला. ठसा न उमटण्याच्या कारणांत वार्धक्य, दुखापत, त्वचारोग आणि मजुरी एवढेच पर्याय होते. मी समासात "गिर्यारोहणाचा सराव" असे लिहिले. तिने ते खोडून "मजुरी"वर खूण केली. "असे केले की वरून लगेच मंजूर होते, सर."

मंजूर झाले खरे. काल त्याच बँकेचे पत्र आले आहे: अर्जदार मजूर असताना त्याला गृहकर्ज कोणत्या उत्पन्नाच्या आधारे देण्यात आले, याचा खुलासा मी सात दिवसांत, समक्ष हजर राहून, अंगठ्याच्या ठशासह सादर करायचा आहे.